कंदीलवाल्या पोरांची पहिली कॅसेट

वाजणं हे माझं काम, बोलणं नव्हे. पण आत्ता मी इंदापूरच्या स्टँडवर एका काळ्या बॅगेच्या बाजूच्या कप्प्यात पडले आहे. शेजारी शेंगदाण्याच्या चटणीची पुडी, तिचा वास अंगाला लागतोय. बारामतीची गाडी अजून लागलेली नाही. वाजवणारं कुणी नाही, ऐकणारं कुणी नाही, आणि पोटात एवढं भरून ठेवलंय की गप्प बसवत नाही. म्हणून मीच बोलतेय. मी एक कॅसेट.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते विचारू नका. आमच्यासारख्या तिथं ढिगानं निघतात, आईबापाचं नाव कुठलं लागणार? एवढं आठवतं, की माझ्या पोटात तपकिरी फीत गुंडाळली, तिच्यावर विलायतेतल्या चार पोरांचं गाणं चढवलं आणि वरच्या कागदावर चित्र छापलं. खाली काळाभोर समुद्र, वर आभाळ, आणि आभाळात कशालाही न टांगलेला एक पेटता कंदील. त्या चौघांची ती पहिलीच कॅसेट. फीत लांब आणि गाणी तिच्यापेक्षा थोडी आखूड, त्यामुळं माझ्या दोन्ही बाजूंच्या शेवटाला थोडी थोडी जागा कोरीच राहिली. तेवढं ध्यानात ठेवा. माझी सगळी कथा त्या कोऱ्या जागेची आहे.

मी जाऊन पडले ती आखातातल्या एका बंदराच्या गावात, कॅसेटींच्या दुकानात. तिथली लढाई नुकतीच निवलेली होती, आणि आपल्याकडची माणसं पुन्हा कामाला यायला लागली होती. त्यांना सिनेमाची गाणी हवी, कव्वाली हवी. माझ्याकडं बघून कुणी म्हणायचं, हा कंदील कसला, आणि परत ठेवायचं. असं होता होता मी काउंटरखालच्या खोक्यात गेले. न खपलेल्यांचं खोकं. एकदा का तिथं गेलं की माणसाचा हात लागत नाही, नुसती केरसुणी लागते.

त्या दुकानात झाडलोट करायला वाजिद होता. इंदापूर तालुक्यातल्या बावड्याचा. उंच, हसरा, भिडस्त. एक दिवस मालकानं त्याला सांगितलं, खोक्यातलं काय हवं ते घेऊन जा, नाहीतर फेकून दे. वाजिदनं हात घातला आणि मी हाताला लागले. मला वाटलं, आता हा मला ऐकणार. अंग शहारलं हो माझं.

त्यानं काय केलं? माझ्या पाठीवरच्या दोन खाचांवर चिकटपट्टी लावली, म्हणजे माझ्यावर काही भरता यावं. मला दुकानातल्या चांगल्या मशिनीत घातलं आणि पुढं पळवायचं बटण दाबलं. सर्रकन सगळं गाणं माझ्या पोटातून निघून गेलं, एक सूरसुद्धा न उमटता. शेवटाला आल्यावर तो थांबला, खाकरला, आणि माझ्या त्या कोऱ्या जागेत बोलला.

"आपा, वाजिद बोलतोय. मी हितं खुशाल हाय. उनाचं इचारू नको, हितल्या उनापुढं आपल्याकडचं ऊन म्हंजे सावली. दाढ दुखत हुती, ती आता थांबली. तू वेळच्या वेळी जेवत जा. एकटी हाय म्हणून चुलीचा कंटाळा करू नको. आन् रडू नको, तुझं नाक लाल हुतं."

झालं. मला कागदात गुंडाळलं आणि गावाकडं सुट्टीवर निघालेल्या एका माणसाच्या हाती दिलं. म्हणजे बघा, मी गाण्याची म्हणून जन्मले, पण निघाले ती निरोपाची म्हणून. वाजिदनं मला कधी ऐकलंच नाही. ही गोष्ट त्या दिवसापासून मला ठाऊक होती, आणि जिला सांगायला हवी होती तिला मी सांगू शकत नव्हते.

ती म्हणजे वहिदा. वाजिदची थोरली बहीण. आईबाप लवकर गेले. हिचं लग्न झालं, पण नवऱ्यानं वर्षाच्या आत माघारी धाडली. आली ती धाकट्या भावाला वाढवत राहिली आणि शिलाई मशीन चालवत राहिली. अक्षराशी तिची ओळख नव्हती. पत्र आलं तर दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागायचं, आणि परक्याच्या तोंडून ऐकलं की भाऊही परका वाटायचा. म्हणून वाजिदनं जाण्याआधी अकलूजच्या बाजारातून एक जुना टेप आणून दिला होता. म्हणाला होता, आपा, मी कॅसेटीत बोलीन.

तो टेप म्हणजे महाखवचट. पुढं पळवायचं बटण दाबलं की फीत ओढायचा आणि चघळायचा. पहिल्याच दिवशी वहिदानं निरोप लवकर यावा म्हणून ते बटण दाबलं, आणि माझी आतडी बाहेर! शेजारची भागूबाई पेन्सिल घेऊन धावत आली. दोघींनी मिळून मला गुंडाळून घेतलं. माझ्या अंगावर एक चुणी आहे ती त्या दिवसाची.

"भाबी, घाई करू नगंस. सुरवातीपासनं लाव आन् गप बस," भागूबाई म्हणाली.

तेव्हापासून तो रिवाजच पडला. भावाचे चार शब्द ऐकायचे तर आधी सगळी बाजू ऐकायची. दुपारी गिऱ्हाइकं नसली की वहिदा मला लावायची आणि मशिनीवर बसायची. तिचं लक्ष कुठलं गाण्यात? ती वाट बघत बसायची. पाहुणा यायचा असला की माणूस रस्त्यावरचं सगळं बघतं ना, कोण गेलं, कोणाची बैलं, कोणाचा ट्रॅक्टर, तसं मग ती गाणं बघायला लागली.

आणि गाणं तरी कसलं! मी माझीच लाज काढते, पण खरं ते सांगते. ती चौघं तेव्हा अगदी कच्ची होती. लग्नघरात बायका जशा एकदम बोलतात तशी चौघंही एकदम वाजवायची. ढोलवाल्याला एका जागी बसवायचं नाही. पेटीवाला, म्हणजे ती विजेची पेटी असते बघा, तो दहाही बोटं एकाच वेळी ओतायचा. गाणारा उगाच उंच चढायचा आणि वर गेल्यावर खाली बघून घाबरायचा. त्यात एक छोटी चाल होती, चढत जाणारी आणि मग एकदम उतरणारी. ती गिटारवाला इतकी भरभर वाजवायचा, की भरली घागर घेऊन पोरगी पळत सुटावी आणि निम्मं पाणी वाटेतच सांडावं.

भागूबाई दारातून ओरडायची, "भाबी, तुझ्या टेपाला ताप आलाय का गं? बडबडतोय नुसता! मी पाणी भरून आले, धुणं वाळत घातलं, आन् आजून ह्यांचं सुरूच. ह्या गाण्याला शेवट हाय का न्हाय?"

"हाय की," वहिदा म्हणायची. "शेवटाला माझा वाजिद हाय."

त्या गाण्याची चाल लंगडी होती. आपल्याकडं पावलं कशी जोडीनं पडतात, इथं चार पडायची, मग तीनच. चार, मग तीन. वहिदाचा पाय मशिनीच्या पायट्यावर, आणि कान माझ्याकडं. पाय आपोआप लंगडायला लागला. त्याच हप्त्यात सारजाबाईच्या मुलीचं लग्नाचं पोलकं मशिनीवर होतं. एका बाहीचे टाके दाट, दुसरीचे विरळ, आणि दुसरी बाही निघाली चांगली बोटभर लांब.

सारजाबाई पोलकं उलटंपालटं करून म्हणाली, "भाबी, ही एक बाही वरातीला निघाली आन् ती दुसरी आजून घरातच बसलीय व्हय?"

वहिदा एवढी हसली, एवढी हसली, की सारजाबाईलाही राग धरवला नाही. उसवून पुन्हा शिवून दिलं. पण तिनं मला बंद केलं नाही. त्या लंगड्या चालीवर पाय सरळ कसा चालवायचा ते ती शिकली. चार, मग तीन. चार, मग तीन. पुढं पुढं मी वाजत नसले तरी तिची मशीन तशीच चालायची. गल्लीतून जाणाऱ्याला वाटायचं, मशिनीत काहीतरी बिघाड आहे.

दुसरी कॅसेट आली ती दोनेक वर्षांनी. तिच्यावरही कंदील, पण या वेळी वादळात झुलणारा. ती वाजिदनं का पाठवली मला ठाऊक. न खपलेल्यांच्या खोक्यातच तीही होती, आमच्या त्या चौघांना त्या गल्लीत कुणी विचारत नव्हतं. पण वहिदानं चित्र बघितलं आणि तिचा चेहरा उजळला. "भागूबाई, बघ. परत त्याच पोरांची पाठवलीय. म्हंजे त्याला आवडतात. आमच्या दोघांचं एकच हाय."

आमच्या दोघांचं एकच हाय. तिथून ती वेगळंच ऐकायला लागली. आता ती भावाची वाट बघत नव्हती, भावाबरोबर ऐकत होती. तो तिकडं समुद्रापलीकडं, ही इकडं बावड्यात, आणि मधे ही चार पोरं. एखादी जागा आली की ती मशीन थांबवायची आणि हळूच म्हणायची, "ऐकलास, वाजिद?"

दुसरीवर तिचा जीव फारसा बसला नाही. आख्खी एक बाजू म्हणजे एकच गाणं. ढगांचा गडगडाट काय, घंटा काय, पाण्याचा आवाज काय. "सगळं येतं ते सगळं मांडून बसलेत," ती म्हणायची. "नव्या सुनेनं पहिल्या दिवशी चार भाज्या कराव्यात तसं. आपल्याला भूक आसती एका भाकरीची." पण त्या वादळातही एक जागा तिनं हेरली होती. ढोलवाला एकदम थांबतो आणि पेटीचा एकच सूर राहतो, दिवा हातानं झाकावा तसा. ती जागा आली की ती श्वास धरायची.

वाजिदचा निरोप मात्र दुसरीवर लहान झाला होता. बरा हाय, काम लई हाय, पुढल्या साली येतो.

आला तो लग्नाला. बारामतीची सिमरन त्यानं केली. चार दिवस घर माणसांनी भरलं. पाहुण्यांनी टेप अंगणात नेला आणि सिनेमाची गाणी लावली. वहिदा हळदीच्या हातानं येऊन आमच्याकडं बघून जायची. आम्ही दोघी बटणांच्या डब्यात. "या गर्दीत कुठं ऐकायचं," ती पुटपुटली, "निवांत आल्यावर बसू." वाजिद परत गेला, सिमरन बारामतीत माहेरीच राहिली, आणि घरात पुन्हा ती आणि मशीन.

तिसरी आली तेव्हा कंदिलाची काच तडकलेली होती. वहिदानं लावली, आणि दुसऱ्या गाण्यातच तिचा पाय थांबला.

"पेटीवाला न्हाय."

"काय?" भागूबाई गवारीच्या शेंगा मोडत बसली होती.

"ह्यातला पेटीवाला गेलाय. ह्यो दुसराच हाय. बरा हाय बिचारा, पण घाबरून वाजवतोय. नव्या घरात भांडी कुठं ठेवलीत ते म्हाईत नसल्यासारखा."

"अगं, तुला काय त्यांनी सांगावा धाडलाय?"

सांगावा कशाला लागतो? बोटांची ओळख असते. आणि खरंच होतं ते, माझ्या त्या बहिणीच्या, तिसरीच्या, कागदावर चौथं नाव बदललेलं होतं, वहिदाला ते वाचता येत नव्हतं एवढंच. त्या कॅसेटीत गाणाऱ्याचा आवाज खाली उतरला होता. आता तो चढायला बघत नव्हता. गाणी आखूड झाली होती. ढोलवाला बसायला शिकला होता. कुणीतरी उठून गेल्यावर घरातली माणसं जशी हळू बोलतात तशी ती तिघं वाजवत होती. वहिदा कितीतरी दिवस तीच लावायची. मी डब्यात पडून ऐकायची. मत्सर वाटायचा, खोटं कशाला बोलू? माझी पाळी यायची ती सणासुदीला, वाजिदचा तो पहिला लांब निरोप ऐकायला. कारण तिसरीच्या शेवटाला तो नुसता एवढंच बोलला होता, "आपा, बरा हाय. बाकी फोनवर."

तेव्हा बावड्यात बाबूलालनं फोनचा डबा घातला होता. पिवळी पाटी, काचेचं दार, आत एक स्टूल. आखातातला कुठलाही फोन आला की बाबूलाल तीन गल्ल्यांना ऐकू जाईल असा ओरडायचा, "वहिदाआपाऽऽ, दुबईऽऽ!" वाजिद दुबईला नव्हता, पण बाबूलालला समुद्रापलीकडं तेवढं एकच गाव ठाऊक.

फोन आल्यावर काय झालं ते मला भागूबाईच्या तोंडून कळलं. वहिदा सुईदोरा तसाच टाकून पळायची. पोचेपर्यंत धाप लागलेली. बाहेर चार माणसं खोळंबलेली. "बरी हायस ना?" "बरी हाय. तू?" "बराय." मग ती म्हणायची, "वाजिद, त्या तिसरीतला पेटीवाला..." आणि तिकडून आवाज यायचा, "आपा, लाइन तुटतीय. काय पाठवू सांग. घड्याळ? साडी?"

"कंदीलवाल्यांची नवी आली आसंल तर ती धाड," ती म्हणाली होती. वाजिद हसला होता म्हणे. हसण्याचा आवाज मात्र स्वच्छ आला.

तर अशी चौथी आली. तिच्या शेवटाला निरोप नव्हता. वहिदानं दोन्ही बाजू शेवटपर्यंत ऐकल्या, कोऱ्या जागेतली ती खरखरसुद्धा शेवटपर्यंत ऐकली, टेपाचं बटण आपोआप वर येईपर्यंत. मग नुसती मान हलवली. फोनवर बोलणं होतंच की, आता कॅसेटीत कशाला कोण बोलेल.

पण ती चौथी! काय सांगू तिच्याबद्दल. चित्रात कंदील विझलेला, एका उंबऱ्यावर ठेवलेला, दार उघडं. आणि गाणं असं, की त्या पोरांना आता कुणाला काही दाखवायचं राहिलं नव्हतं. एक सूर लावायचे आणि तो पुरता विरेपर्यंत थांबायचे. दुधाला उकळी येताना बाई कशी चुलीपाशी हात न हलवता उभी असते, तशी थांबायची. जिथं पहिल्यांदा चौघं एकदम बोलायची तिथं आता एक बोलायचा आणि तिघं ऐकायची. ते ऐकणंही ऐकू यायचं.

आणि शेवटच्या गाण्यात, मी डब्यात अर्धवट झोपेत होते, एक चाल आली. चढत जाणारी, मग उतरणारी. पण किती हळू! घागर घेऊन पळणारी ती पोरगी आता बाई झाली होती. चालत होती, थेंबही सांडत नव्हता. अगं बाई, ही तर माझी चाल! गिटारवाल्यानं नव्हे, पेटीवाल्यानं वाजवली होती. आणि लय तीच, चार, मग तीन.

वहिदा मशिनीवरून उठून टेपापाशी येऊन बसली होती. तोंडावर पदर. "आला," ती म्हणाली. "पेटीवाला आला परत. एका गाण्यापुरताच, पण आला."

भागूबाई शेजारी नव्हती. गल्लीतून उसाचे ट्रॅक्टर कर्णे लावून चालले होते. साऱ्या तालुक्यात ती गोष्ट कळलेली ती एकटी बाई, आणि सांगायला कुणी नाही. तिनं डब्यातून मला काढलं, पदरानं पुसलं, चौथीच्या शेजारी ठेवलं. "वाजिद आला की दोघं बसून ऐकू," मला म्हणाली. "त्याला तर कळलंच आसंल."

त्याच गोष्टीची मला धास्ती होती.

वाजिद आला तो या हिवाळ्यात. अंग भरलेलं, केस मागं गेलेले. दुकान केव्हाच सोडलेलं, आता एका कंपनीची गाडी चालवतो. सुट्टी बारामतीला सिमरनकडं, बावड्याला तीन दिवस. पहिल्या दिवशी जेवण झाल्यावर वहिदानं गिऱ्हाइकांना परत पाठवलं, दाराला कडी लावली, चौथी लावली आणि त्या शेवटच्या गाण्यापर्यंत सगळं ऐकवलं. तो खाटेवर पडून बोलत होता. सिमरनचा भाऊ काय म्हणतो, गाडीचा एसी कसा बिघडला, आपा, तू बारामतीला का येत नाहीस. ती हूं हूं करत होती. चाल आली तसा तिनं हात वर केला.

"ही ऐक."

तो गप्प झाला. ऐकलं. मग म्हणाला, "काय ऐकू?"

"ही आपल्या पहिलीतली न्हाय व्हय? ती पळणारी."

"पहिलीतली? मी कुठं ऐकलीय आपा पहिली?" तो हसत म्हणाला. त्यात काही वाईट नव्हतं, तेच तर वाईट होतं. "न खपलेला माल हुता दुकानात. मालक म्हणाला, घिऊन जा. शेवटाला बोलायला जागा हुती म्हणून पाठवल्या. ही चौथी तू मागितलीस म्हणून इकत घेतली. मला वाटलं, तुला त्यो कंदील आवडतोय."

टेप चालूच होता. गाणं संपलं, खरखर सुरू झाली.

"एक बी न्हाय ऐकलीस?"

"न्हाय की. आसलं कोण ऐकतं?" मग तिच्या तोंडाकडं बघून तो उठून बसला. "का गं? काय झालं आपा?"

"काय न्हाय. चा टाकते."

ती आत गेली. बराच वेळ स्टोला हवा भरल्याचा आवाज येत राहिला. चहा आणून दिला तेव्हा तिचं नाक लाल होतं. वाजिदनं ते बघितलं आणि कपात बघत बसला. पुढं दोन दिवस तिनं त्याच्यासमोर टेप लावलाच नाही. नुसती मशीन चालवली, आणि तो खाटेवर पडून ऐकत राहिला.

काल दुपारी तो बाबूलालकडं गेला तेव्हा तिनं मला लावलं. दुसरी बाजू. सुरवातीपासून. शेवटाला आले तशी तिनं माझ्या खाचांवरची पट्टी चाचपली, ती अजून घट्ट होती. लाल बटण दाबलं आणि माझ्या दुसऱ्या कोऱ्या जागेत बोलली. काय बोलली ते माझ्या पोटात आहे, आणि मी ते तुम्हाला सांगतेय कारण मला भीती आहे की दुसरं कुणी ऐकणार नाही.

"वाजिद, आपा बोलतीय. मला वाटलं हुतं तू बी ऐकतोस. मी तुझ्यासंगं बोलत हुते इतकी वर्सं. आसू दे. आता ऐक. ही पोरं पहिल्यांदा लंगडायची ती लोकांनी बघावं म्हणून. चौथीत लंगडत्यात ते पायाला खरंच लागलंय म्हणून. मधे त्यांच्यातला एक गेला हुता. ते वाजवता वाजवता त्याच्यासाठी जागा सोडत गेले. तेवढीच जागा सोडली, तवा त्यो आला. मला गाण्यातलं काय कळतंय? पण वाट बघणं कळतंय."

फीत अशी असते बघा, एका बाजूचा शेवट एका टोकाला आणि दुसरीचा दुसऱ्या टोकाला. आता माझ्या एका टोकाला भाऊ आहे, एका टोकाला बहीण, आणि मधे सगळं गाणं.

आज सकाळी जीप आली. वहिदानं चटणीची पुडी दिली आणि मग मला त्याच्या हातात ठेवलं.

"तुझ्या गाडीत टेप हाय ना?"

"हाय."

"मग ही ने. दुसऱ्या बाजूला शेवटाला मी बोललीय. पर पुढं पळवू नको. दोन्ही बाजू नीट ऐक, मग माझ्यापतूर ये. मी तुझ्यापतूर तशीच येत हुते."

"आन् ती चौथी? ती बी दे की."

"ती हितंच ऱ्हाईल. कच्चं ऐकल्याबिगर पिकल्याची चव कळत न्हाय. पहिली नीट ऐकलीस की ये, मग दोघं बसून ऐकू."

वाजिदनं बॅग पुढं ओढली. मला कप्प्यात ठेवलं आणि चेन ओढली.

तर आता हे असं आहे. पुढं पळवायचं बटण कसं असतं ते मला ठाऊक आहे, त्या दुकानातल्या पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. त्याच्या गाडीतला टेप चांगला असणार, फीत खाणार नाही. बोट लावलं की क्षणात आपाचा आवाज. वाजिद, बाबा, तेवढं करू नकोस. मी कच्ची आहे, गोंगाट आहे माझा, मला मान्य. पण तिच्याकडं जायचा रस्ता माझ्यातूनच जातो. आणि तुम्हालाही सांगते, तुमच्या कपाटात, डब्यात माझी कुणी बहीण पडून असेल तर तिला एकदा शेवटपर्यंत जाऊ द्या. शेवटाला कोण वाट बघत बसलंय ते वरच्या कागदावर लिहिलेलं नसतं.

बारामतीची गाडी लागली वाटतं, माणसं उठायला लागली. वाजिद अजून बाकावरच बसलाय, बॅग मांडीवर. कप्प्यावर त्याची बोटं पडताहेत, चटणीच्या पुडीवर, माझ्यावर. कुठंतरी बघत तो सहज टकटक करतोय. दोन दिवस खाटेवर पडून बहिणीची मशीन ऐकलीय त्यानं. त्याला ठाऊकसुद्धा नाही तो काय वाजवतोय ते.

चार, मग तीन. चार, मग तीन.